फुलाला दोरा बांधून

पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, फूल एकच दिवस पांढरं असतं. सकाळी उमलतं तेव्हा ते सायीच्या रंगाचं, किंचित पिवळसर. दिवस कलला की पाकळ्यांच्या कडांवर गुलाबी झाक येते. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच फूल गुलाबी झालेलं असतं. तिसऱ्या दिवशी ते लालसर होऊन मिटतं, सुकतं आणि खालच्या इवल्याशा बोंडाच्या टोकावर टोपीसारखं अडकून राहतं. म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरात एकाच झाडावर पांढरी आणि गुलाबी फुलं शेजारी-शेजारी दिसतात. बियाण्यात भेसळ झालेली नसते. पांढरं ते आजचं, गुलाबी ते कालचं. झाडावर तारीख लिहिलेली असते.

यवतमाळ, वर्धा, अमरावती, अकोला या पट्ट्यात पोट्ट्यांना पाती (फुलाची कळी), बोंड (फळ), सरकी (बी) हे शब्द शिकवावे लागत नाहीत. तरी फुलाच्या या दोन रंगांपाशी थांबलेली माणसं थोडीच. त्यात कुणाचा दोष नाही. वावरात जाणारा माणूस कामाच्या नजरेनं जातो. पात्या गळतात का, मावा-तुडतुडे आले का, डवऱ्याला (तण काढायच्या औताला) जमिनीत वापसा आहे का. ही नजर बिघाड शोधायला शिकलेली असते आणि तिला तसं शिकावंच लागतं, कारण एक अळी नजरेतून सुटली तर हंगाम हातचा जातो. पण बिघाड शोधता शोधता जे नीट चाललं आहे ते दिसेनासं होतं. आणि वावरात, घरात, आभाळात बहुतेक गोष्टी बहुतेक वेळ नीट चाललेल्या असतात.

माझं म्हणणं एवढंच आहे की नवल हरवत नाही. त्याची वेळ ठरलेली असते आणि आपण नेमके त्या वेळी तिथं नसतो. मन ताजं करण्याच्या खटाटोपापेक्षा एक जागा, एक वेळ आणि एक माप ठरवून घेतलं तर ते लवकर भेटतं.

सुरुवात दोऱ्यापासून करावी. पूजेचा लाल नाडा घ्यावा. शिवणाचा बारीक दोरा नको, देठ जाड व्हायला लागला की तो त्यात रुततो. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास वावरात जाऊन त्याच दिवशी उमललेलं पांढरं फूल निवडायचं, म्हणजे तारखेचा घोळ राहत नाही. फूल शक्यतो झाडाच्या मधल्या भागातलं, खोडाजवळचं असावं. नाडा फुलाच्या देठाला न बांधता ज्या फांदीवर फूल आहे तिला, देठाच्या लगत, बोट शिरेल इतका सैल बांधायचा. नाड्याला अडकवलेल्या चिठ्ठीवर तारीख पेन्सिलीनं लिहायची, शाई दोन सरींत धुऊन जाते. आणि एकाच फुलावर भरवसा ठेवायचा नाही. पऱ्हाटी आपल्या पात्या, फुलं आणि कोवळी बोंडं मिळून निम्म्याहून जास्त स्वतःच गाळते. झेपेल तेवढंच ओझं ठेवते. म्हणून दहा-बारा फुलांना नाडे बांधावेत. शेवटी चार राहिले तरी काम झालं. एखादं फूल न उमलता पाकळ्या एकमेकींत गुंतून गुलाबकळीसारखं गोळा झालेलं दिसलं तर ती डोमकळी, आत गुलाबी बोंडअळी बसलेली असते. तिला नाडा बांधायचा नाही. ती तोडून वावराबाहेर नेऊन नष्ट करायची.

ज्या दिवशी फूल पांढरं होतं, त्याच दिवशी आत धागा सुरू झालेला असतो. फुलाच्या तळाशी अंडाशय असतं, त्यात पुढे सरकी होणारे बारीक मणी. त्या मण्यांच्या सालीवरच्या काही पेशी त्याच दिवशी फुगून वर यायला लागतात. प्रत्येक पेशी एकेक धागा होते. कापसाचा एक तंतू म्हणजे एक अखंड पेशी. आपल्या शरीरातल्या बहुतेक पेशी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास असतात. ही पेशी रुंदीला तेवढीच राहते आणि लांबीला तीन सेंटिमीटरपर्यंत जाते. एका सरकीवर असे हजारो तंतू असतात.

हे आत काय चाललं आहे ते पाहायचं तर तीन बोंडांचा जीव द्यावा लागतो. नाडा बांधल्यापासून दहाव्या दिवशी एक बोंड धारदार पात्यानं आडवं कापावं. आत चार-पाच कप्पे, त्यांत ओले पांढरे मणी, आणि मण्यांवर ओल्या केसांसारखी लव. पंचविसाव्या दिवशी दुसरं कापावं. आता कप्पा गच्च भरलेला असतो, तंतू जवळजवळ पूर्ण लांब झालेले, पण भिंत पातळ. चिमटीत धरून ओढले की सहज तुटतात. इथून पुढे लांबी थांबते आणि आतून सेल्युलोजचे थर चढायला लागतात, म्हणजे नळीला आतून लिंपण घालावं तसे. चाळिसाव्या दिवशीच्या बोंडातला तंतू ओढून पाहिला की फरक बोटांना कळतो. त्यानंतर, फूल आल्यापासून साधारण 45 ते 60 दिवसांत, बोंडाची साल वाळते आणि शिवणीवर उकलते. थंडी लवकर पडली किंवा आभाळ धरून राहिलं तर दिवस वाढतात.

आणि मग खरी गंमत होते. उन्हात तंतूतलं पाणी निघून जातं, नळी चपटी होते आणि चपटी होताना स्वतःभोवती पीळ घेते. हा पीळ नसता तर सूत झालं नसतं. गुळगुळीत सरळ नळ्या एकमेकींना धरून राहिल्या नसत्या. टकळीवर, चरख्यावर किंवा गिरणीत आपण जो पीळ देतो, तो या आधीच्या पिळाच्या भरवशावर. 1936 साली गांधीजी वर्ध्याजवळ सेवाग्रामला राहायला आले आणि या जिल्ह्याच्या नावाशी चरखा कायमचा जोडला गेला. त्या चरख्याच्या आधीचा चरखा वावरात, उकलत्या बोंडात फिरलेला असतो.

धाग्याची लांबी घरी मोजता येते. पूर्ण उकललेल्या बोंडातली एक सरकी तंतूंसकट घ्यायची. मधोमध भांग पाडून बारीक दातांच्या फणीनं दोन्ही बाजूंना हळूहळू विंचरायचं, म्हणजे सरकीला फुलपाखराचे पंख फुटल्यासारखे दिसतात. काळ्या कागदावर ठेवून सरकीपासून पंखाच्या दाट कडेपर्यंत पट्टीनं मोजायचं. हल्लीच्या संकरित वाणांत हे अंतर साधारण 28 ते 30 मिलिमीटर भरतं, गावरान कपाशीत कमी. फणी जाड असेल किंवा घाई केली तर तंतू तुटतात आणि माप खोटं येतं. दवात भिजलेला कापूस विंचरू नये, आधी उन्हं दाखवावीत.

कापसाला भाव नसताना फुलाचा रंग पाहायला सांगणं काहींना टोचेल. टोचणं रास्त आहे. हे त्या दुखण्यावरचं औषध नाही, आणि तसं म्हणून कुणी देत असेल तर घेऊ नये. पण सहा महिने ज्या पिकाच्या मागे घालवले, त्यातून फक्त वजन आणि भाव एवढंच आपल्या वाट्याला यावं, हे मला मान्य होत नाही.

पऱ्हाटी जिच्यावर उभी असते ती काळी माती याहून जुनं नवल आहे. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरले, त्यांचा दगड झाला, दगडाची माती झाली. नागपूर या थरांच्या पूर्व काठावर बसलं आहे. पश्चिमेकडे वऱ्हाडात काळी जमीन आणि पऱ्हाटी. पूर्वेकडे भंडारा-गोंदियाकडे वेगळे, अधिक पुरातन खडक, आणि धानाच्या बांध्या.

ही माती पाणी पिऊन फुगते हे सगळ्यांना ठाऊक असतं. किती फुगते ते मोजायची रीत बांधकामाच्या प्रयोगशाळेतली आहे, पण ओट्यावर जमते. वाळलेली माती कुटून बारीक चाळणीनं चाळावी. किराणा दुकानाच्या काट्यावर दहा-दहा ग्रॅमच्या दोन पुड्या कराव्यात. काचेच्या दोन सारख्या, सरळ अंगाच्या, अरुंद नळ्या किंवा बाटल्या घ्याव्यात. एकीत पाणी, दुसरीत रॉकेल. दोन्हींत एकेक पुडी टाकून काडीनं ढवळायचं, हवेचे बुडबुडे निघू द्यायचे आणि चोवीस तास हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी रॉकेलातली माती होती तेवढीच बसलेली असते. पाण्यातली तिच्याहून कितीतरी उंच आलेली असते, चांगल्या काळ्या जमिनीची दीडपटीच्या वर. कारण या मातीचे कण पापुद्र्यांचे असतात, आणि पापुद्र्यांच्या मधे पाणी शिरतं. रॉकेल शिरत नाही. बाटलीला खांदा असेल तर उंचीचं माप फसतं. माती नीट वाळलेली नसेल तर ती आधीच अर्धी फुगलेली असते. आणि पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणी वापरू नये. मीठ असलं की बारीक कण एकमेकांना धरून लवकर खाली बसतात. पावसाचं साठवलेलं पाणी घ्यावं. रॉकेलाची बाटली चुलीपासून दूर ठेवावी, हे सांगायला नकोच.

हे पाहिल्यावर एप्रिलमधल्या भेगा वेगळ्या दिसतात. हात खांद्यापर्यंत जाईल अशा भेगा पडतात, वरची भुसभुशीत माती त्यांत घरंगळते, मृगाचा पाऊस येतो, खालची माती फुगते आणि आत पडलेली माती वर ढकलते. असं दरसाल. ही जमीन स्वतःलाच वखरत असते. भिंतीला तिरप्या चिरा जाणं, धुऱ्यावरचे, म्हणजे बांधावरचे, खांब कलणं, त्याचंही कारण हेच.

पावसाचं माप तर प्रत्येक घरात असायला हवं असं मला वाटतं. दोन लिटरची थंड पेयाची सरळ अंगाची बाटली खांद्याखाली कापावी, वरचा भाग उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवावा. तळ खोलगट असतो म्हणून आधी खडे टाकून, अंग सरळ सुरू होतं तिथपर्यंत पाणी भरावं आणि त्या पातळीला शून्याची खूण करावी. तिथून वर मिलिमीटरची पट्टी चिकटवली की पर्जन्यमापक तयार. तोंड आणि अंग एकाच रुंदीचं असलं पाहिजे, नाहीतर पट्टी खोटं सांगते. घर किंवा झाड जितकं उंच, त्याच्या दुप्पट अंतरावर ती ठेवावी. वाऱ्यानं पडू नये म्हणून विटांच्या मधे बसवावी, तोंड जमिनीपासून हातभर वर राहील अशी. रोज सकाळी साडेआठला मोजावं. हवामान खात्याचा दिवसही तेव्हाच पालटतो, त्यामुळे आपला आकडा त्यांच्या आकड्याशेजारी ठेवता येतो. मोजून झालं की पाणी पुन्हा शून्याच्या खुणेवर आणायचं.

आता हिशेब. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. एका एकरात 4047 चौरस मीटर. म्हणजे रात्रीतून 25 मिलिमीटर पडला तर एका एकरावर एक लाख लिटरहून थोडं जास्त पाणी आलं, दहा हजार लिटरचे दहा टँकर. दोन बोटं पाऊस झाला, असं आपण ओट्यावर बसून म्हणतो तेव्हा केवढी गोष्ट बोलत असतो ते वहीत लिहिल्यावर कळतं.

पहिल्या पावसाच्या वासाचंही असंच. 1964 साली ऑस्ट्रेलियातल्या बेअर आणि थॉमस या दोन शास्त्रज्ञांनी त्याला पेट्रिकोर असं नाव दिलं. मातीतले सूक्ष्म जीव जिओस्मिन नावाचं द्रव्य तयार करतात, त्याचा त्यात मोठा वाटा. माणसाचं नाक हा वास हवेत जवळजवळ काहीच नसताना ओळखतं. 2015 मध्ये वेगवान कॅमेऱ्यानं थेंब पडताना टिपले तेव्हा दिसलं की सच्छिद्र जमिनीवर थेंब आपटला की त्याच्या तळाशी हवेचे बुडबुडे अडकतात, वर येतात आणि फुटताना मातीचा अंश घेऊन बारीक तुषार उडवतात. जोराच्या सरीपेक्षा हलक्या पावसात हे जास्त होतं. म्हणून धो-धो पाऊस आला की वास लगेच मरतो आणि भुरभुर आली की गावभर दरवळतो. ढग दाटले की धुऱ्यावर थांबावं. पाऊस पोचण्याआधी वारा वास घेऊन येतो, तेव्हा पलीकडच्या शिवारात पडायला लागलेला असतो.

मृग लागला म्हणतो आपण, 7-8 जूनला. पण त्या दिवसांत आभाळ स्वच्छ असलं तरी मृग नक्षत्र दिसणार नाही, कारण मृग लागणं म्हणजेच सूर्य त्या नक्षत्रात येणं. ते चांदण्यांचं हरीण भर दुपारी सूर्यासोबत डोक्यावरून जातं. ज्याच्या नावानं पेरणी होते ते नक्षत्र पेरणीच्या वेळी दिवसाउजेडात लपलेलं असतं आणि वेचणीच्या वेळी दर्शन देतं. डिसेंबरच्या सुरुवातीला रात्री आठच्या सुमारास पूर्वेला पाहावं. चार कोपऱ्यांत चार ठळक तारे, हे हरणाचे पाय. मधोमध एका रेषेत तीन, तो बाण. बाणाची रेष खाली वाढवली की थोड्या वेळानं व्याध उगवतो, आभाळातला सगळ्यात तेजस्वी तारा. वर वाढवली की तांबूस रोहिणी. व्याधाचा आज डोळ्यांत शिरणारा उजेड साडेआठ वर्षांपूर्वी निघालेला असतो, रोहिणीचा सुमारे 65 वर्षांपूर्वी, म्हणजे आबाजी जवान होते तेव्हा.

यासाठी अंधार लागतो, आणि गावात तो आहे. हरभऱ्याच्या ओलितासाठी रात्रीची लाईन (वीज) असते तेव्हा, किंवा रोही (नीलगाय) आणि रानडुकरांसाठी जागलीला बसलेलं असताना, सगळं आभाळ समोर असतं. अडचण एकच, मोबाइल. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि पडद्याकडे एकदा पाहिलं की सगळी मोडते. बॅटरीच्या काचेवर लाल जिलेटिनचा कागद दुहेरी बांधावा. लाल उजेडानं डोळे फारसे बिघडत नाहीत.

मोजायला हात पुरतो. हात सरळ ताणून मूठ धरली की तिची रुंदी सुमारे दहा अंश. उत्तरेला क्षितिजापासून दोन मुठी वर मोजल्या की ध्रुव सापडतो. तो सगळ्यात ठळक असेल अशी अपेक्षा ठेवून शोधणारे दरवेळी फसतात. तो मध्यम तेजाचा आहे, फक्त जागचा हलत नाही. दोन मुठीच का? कारण ध्रुवाची उंची म्हणजे आपल्या गावाचा अक्षांश, आणि विदर्भ साधारण 19 ते 22 अंशांच्या दरम्यान येतो. विदर्भाच्या दक्षिण टोकाच्या सिरोंच्याला तो उत्तरेकडच्या गोंदियापेक्षा अडीच अंशांनी खाली दिसतो.

हाच आकडा दुपारी जमिनीवरही सापडतो, आणि माझ्या मते विदर्भात बारा महिन्यांत पाहण्यासारखी ही सगळ्यात देखणी घटना आहे. मे महिन्यात सूर्य उत्तरेकडे सरकत सरकत रोज साधारण 20 ते 25 किलोमीटर पुढच्या गावावर येतो. सिरोंच्याच्या बरोबर डोक्यावर तो मेच्या मध्याला असतो, चंद्रपूरच्या 20 मेच्या आसपास, नागपूरच्या 26 मेच्या, आणि गोंदिया ओलांडतो 28 मेच्या सुमारास. बैलगाडीच्या चालीनं जातो तो. ज्या दिवशी आपल्या गावावर येतो त्या दिवशी भर दुपारी सावली पायाखाली जाते. जुलैत परततानाही तो पुन्हा डोक्यावर येतो, पण तेव्हा बहुतेक ढग असतात.

पाहायला पाण्याच्या पाइपाचा फूटभर तुकडा पुरतो. फरशीवर किंवा लाकडी पाटावर तो उभा करायचा. पाट सपाट आहे का ते ताटलीत पाणी घालून तपासायचं, आणि पाइप उभा आहे का ते गवंड्याच्या ओळंब्यानं, दोन बाजूंनी. इथेच बहुतेकांची चूक होते: पाइप एक अंशानं कलला तरी अर्धा सेंटिमीटर सावली दिसते आणि वाटतं की दिवस चुकला. वेळ बरोबर बाराची नसते. गडचिरोलीकडे बारा वाजून सात मिनिटांच्या आसपास, नागपूरला बारा-दहा, अमरावतीला बारा-सोळा. पंधरा मिनिटं आधीपासून पाहावं. सावली आखडत आखडत पाइपाच्या बुडाशी येते आणि नाहीशी होते. पाइपाच्या आतून पाहिलं तर पाटावर उन्हाचा गोल, पूर्ण. डोक्याला दुपट्टा बांधावा, पाणी पिऊन जावं आणि पाइपातून वर सूर्याकडे चुकूनही पाहू नये. दुसऱ्या दिवसापासून दुपारची सावली दक्षिणेला पडायला लागते. जूनमध्ये घराच्या उत्तरेच्या भिंतीवर ऊन का येतं, याचं उत्तर तेच.

गावात बांधलेली, कठडा असलेली विहीर असेल तर त्या दुपारी तिच्यात पाहावं. वर्षभर काठाची सावली पाण्यावर पडलेली असते. त्या दिवशी ती नसते. तळाचं पाणी काठोकाठ उजळतं. इरॅटॉस्थेनिस या ग्रीक विद्वानानं सव्वादोन हजार वर्षांपूर्वी इजिप्तमधल्या अशाच एका दुपारवरून पृथ्वीचा घेर काढला होता. गोंदियातल्या शून्य सावलीच्या दिवशी सिरोंच्यातल्या कुणाला फोन करून एक मीटरच्या उभ्या काठीची त्यांच्या माध्यान्हीची, म्हणजे सर्वांत आखूड सावली मोजायला सांगावी. ती दक्षिणेला साडेचार सेंटिमीटर भरेल. ही सावली आणि दोन गावांमधलं अंतर यांवरून घेर काढायचं बाकीचं काम नववीतली मुलं करू शकतात.

घरात यायचं तर चुलीपाशी थांबावं. ज्वारीची भाकरी फुगते हे इतकं नेहमीचं आहे की ती फुगली नाही तरच लक्ष जातं. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो. धरून ठेवतो तो गरम पाण्यानं अर्धवट शिजलेला स्टार्च. म्हणून एक वाटी पिठाला पाऊण वाटीच्या आसपास कडकडीत पाणी, आणि तळहाताच्या खळग्यानं रगडून मळणं. पीठ दळून फार दिवस झाले की विरी जाते, कडा चिरतात. दहा-पंधरा दिवसांचंच दळण बरं. थापताना मधला भाग आणि कड सारखी जाड हवी. तव्यावर टाकल्या टाकल्या वरून पाण्याचा हात फिरवायचा. हे पाणी वरची बाजू वाळू देत नाही. ते जेमतेम आटलं की उलटायचं. आधी उलटली तर तव्याला धरते, उशिरा उलटली तर तडकते, आणि केसाएवढ्या तडीतून सगळी वाफ निघून जाते. दोन्ही बाजू धरल्या की निखाऱ्यावर. आता वरचा पापुद्रा आणि खालची बाजू घट्ट झालेल्या, आत अडकलेलं पाणी वाफ होतंय. पाण्याची वाफ झाली की ती सोळाशेपटींहून जास्त जागा मागते. एक चमचा पाणी आठ लिटर वाफ होऊ पाहतं. आई ज्या वेळी हाताच्या अंदाजानं ती उलटते, त्या अंदाजात हा सगळा हिशेब बसलेला असतो, आणि तो कुणी तिच्या नावावर मांडत नाही.

पूर्वेकडच्या जंगलपट्ट्यात, मार्च-एप्रिलमध्ये, मोहाखालची पहाट चुकवू नये. मोह रात्री फुलतो, वटवाघळं येऊन जातात, आणि उजाडायच्या आत गराची फिकट पिवळी वाटी देठातून सुटून खाली पडते. स्त्रीकेसर मागे फांदीवरच राहतो. साडेचारला झाडाखाली बसलं तर आधी वास, मग आवाज. सुटा सुटा टप, मग पाऊस लागल्यासारखा. ऊन चढलं की थांबतो. वेचणं सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात. ती आग रानात शिरते. जुन्या साड्या शिवून अंथरल्या तर फूलही मातीत जात नाही.

आणि डिसेंबरच्या मध्यावर, पहाटे पाचला, हरभऱ्यात. हरभऱ्याच्या पानांवर, देठांवर, घाट्यांवर (शेंगांवर) बारीक लव असते आणि प्रत्येक केसाच्या टोकाशी आंबट थेंब, मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्लाचा. रात्रभर दव पडतं आणि ते त्यात मिसळतं. ही आंब. हरभऱ्यातून रोज चालणाऱ्याच्या चपलेच्या कातड्याचा रंग तिनंच जातो. गोळा करायची तर फवारणी न झालेला पट्टा निवडावा, ही अट सोडू नये. आदल्या रात्री धुऊन वाळवलेलं पातळ फडकं झाडांवर अलगद पसरावं, कोपऱ्यांना ढेकळं ठेवावीत. आभाळ किंवा वारा असेल त्या रात्री काही मिळत नाही, आणि पाऊस होऊन गेला असेल तर दोन-तीन दिवस थांबावं. उजाडायच्या आत फडकं उचलून काचेच्या बाटलीवर पिळावं. तांब्या-पितळेचं भांडं नको, आम्ल धातूला खातं. एका फडक्यात थोडंच निघतं, फिकट पिवळं. बोटावर घेऊन जिभेला लावलं की दात आंबतात.

त्या वेळी मृग पश्चिमेला पार खाली उतरलेला असतो, पाय क्षितिजाकडे. शेजारच्या वावरात नाडा बांधलेली बोंडं कधीच वेचून झालेली असतात. फडकं मात्र सुतीच घ्यावं. नायलॉनच्या धाग्यावरून दव घसरून जातं. सुताचा धागा पिळाच्या घड्यांत ते धरून ठेवतो.